जेवणाच्या टेबलाला कठडा

दाढ काढून घ्यायला दवाखान्यात आलेले निवृत्त पोस्टमास्तर गाल धरून बसले होते. शेजारी एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ, दोघांचेही केस पिकलेले, हुज्जत घालत होते.

"ताई, तुझा तो इवल्या गाड्यांचा जुना व्हिडिओ गेम आजच्या पोरांसाठी फोनवर पुन्हा काढायचा, तर टेबलाला कठडा हवा. गाड्या खाली पडतात."

"तेव्हाही पडायच्या. जेवणाच्या टेबलाला कठडा कुणाच्या घरी असतो रे?"

"आणि जेवणाच्या टेबलावर शर्यती कुणाच्या घरी होतात?"

"आपल्या. आईच्या टेबलाचं माप घेऊन केलाय मी तो."

"लोक म्हणतात, गेममधल्या टेबलावरच्या चमच्यापाशी गाडी वळवताच येत नाही."

"लोक म्हणतात की तू? जन्मभर तिथंच पडतोयस."

"आमच्या गेमच्या कंपनीत कुणालाच जमलं नाही. कठडा नाही, तर गेमही नाही, असं ठरलंय."

"आण तो फोन. मला जमलं, तर कठडा रद्द."

"रद्द."

पोस्टमास्तरांची मान आपसूक फोनवर झुकली. तेवढ्यात नर्सबाई दारात आल्या.

"आजोबा, चला, तुमचा नंबर."

"थांबा हो बाई, चमचा आलाय."

"ताई, ब्रेक काय मारतेस? शर्यत आहे ही."

"आई काय सांगायची? टेबलाशी धावपळ करायची नाही. हे बघ, वळली."

"बरं बाई, कठडा रद्द."

"आजोबा, डॉक्टर खोळंबलेत."

"आलोच. ताई, जरा इकडे द्या तो फोन. एकदा पडून बघतो."