न वाजलेला भोंगा

आदरणीय अध्यक्ष प्राचार्य साहेब, विचारपीठावर बसलेली पाहुणे मंडळी, आमचे नन्नावरे सर, कॉलेजातले सारे कर्मचारी, अन् माझ्यासंगं शिकलेले भाऊ-बहिणी, सर्वांले मयुरीचा नमस्कार.

इथवर पुनम मॅडमनं लिहून देल्लं. पुढचंही देल्लं आहे, चांगलं आहे, पण ते आज माझ्यानं वाचणं होत नाई. मी काल झोपली नाई. माझा भाऊ प्रफुल्ल, त्याले फोन लावत होती. रिंग जाते. तो माझा फोन उचलत नाई.

आज आपल्या बॅचचा निरोप आहे, हसाबोलायचा दिवस आहे, मले समजते. टेलिकॉम अन् इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स आपण पुरा केला. मी सातवी शिकलेली बाई. सोल्डरिंग कराले बसली का सर म्हणत, "मयुरीबाई, भाकर नोहोय ते, घडीघडी उलटून नोका पाहू." सारी लाईन हसे. मीही हसो. घर सोडून हसाची जागा मले इथीच भेटली.

पण मी इथी आली काऊन, हे मी कोणाले धड सांगतलं नाई.

आमचं गाव मोहर्लीकडच्या जंगलाले लागून. वावराच्या वाटेवर एका खांबाले भोंग्याचा डबा बसवला होता. वाघ त्या बाजूनं निघाला का भोंगा वाजे, अन् लोक घरात जात. पहिले खूप वाजला. मग एका सालच्या पावसाळ्यापासून वाजणंच बंद. आम्हाले काय वाटावं? आम्हाले वाटलं, वाघ दुसरीकडं गेला. भोंगा वाजत नाई म्हणजे वाघ नाई, असा साऱ्या गावाचा हिशोब. लहान लेकरंही तेच म्हणत.

त्याच साली दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरली. मंडई म्हटली का नाटक आलंच. ऐन वक्ती माईकची बॅटरी बसली. पावणे येऊन बसलेले. मग कोणी म्हटलं, त्या भोंग्याची बॅटरी आणा ना, वाघ काय आज तिकीट काढून येते का? सारे हसले. प्रफुल्ल माझा लहान भाऊ, भारी हौशी, नाटकात त्याचा पार्ट होता. तोच खांबावर चढला अन् बॅटरी काढून आणली.

नाटक पहाटेपर्यंत चाललं. सकाळी माझे मालक धानाचे भारे पाहाले वावरात गेले. रोशन नाव त्यांचं. पहिले मी नाव घेत नव्हती, आता घेतो. ते त्याच वाटेनं गेले. तिथंच वाघानं...

पाणी नोका देऊ, मॅडम. बोलतो.

त्या दिवसापासून प्रफुल्ल माझ्याकडं पाहत नाई. मी त्याले एक शब्द बोलली नाई, देवाशपथ. गावही बोललं नाई. तोच स्वतःले बोलते. माझ्या लेकाचं, बाबूचं, जावळ काढाचं आहे. मामाच्या मांडीवर बसल्याशिवाय लेकराचं जावळ निघत नाई आमच्यात. मामा येत नाई, लेकराचे केस डोळ्यावर आले. पाहा ना, मागं गुणाबाईच्या, माझ्या सासूच्या, मांडीवर आहे तो. पोरगी समजतात लोक त्याले.

म्हून मी हा कोर्स धरला. मले पाहाचं होतं, त्या डब्याच्या आत असते काय.

गेल्या महिन्यात मी तो डबा गावातून मागून आणला. रोशन गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी गावानं तो उतरवून समाज मंदिराच्या खोलीत कुलपात ठेवला होता. आपल्या साऱ्या बॅचसमोर सरांनी तो टेबलावर उघडला. आठवते ना तुम्हाले? आत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं. सर्किटच्या कार्डावरचे तांब्याचे पट्टे हिरवे पडून तुटलेले. आपण मीटर लावला, काटा हालला नाई. सरांनी नवी बॅटरी जोडून पाह्यली, तरी आवाज नाई. मी इचारलं, सर, हे कुलूपबंद खोलीत झालं असन का? सर म्हणाले, "नाई मयुरीबाई. हे पावसाचं पाणी आहे. खांबावर होता तवाच मुरलं. मंडईच्या पहिलेच हा मेला होता."

म्हणजे बॅटरी काढली नसती तरी तो वाजला नसता. समजून राह्यलं ना तुम्हाले? माझ्या भावानं काईच बंद केलं नव्हतं.

हे त्याले सांगाचं राह्यलं. तो तेलंगणात मिरची तोडाले गेला. त्याच्यासंगं आमच्या गावचा वारलूभाऊ आहे, त्यानं त्याले सांगतलं. तर प्रफुल्ल म्हणाला, "ताई मले वाचवाले खोटं बोलते." काल वारलूभाऊचा फोन आला. म्हणे, मयुरी, याचं चिन्ह बरं दिसत नाई. जेवत नाई. आपली चादर, आपला मोबाईलचा चार्जर दुसऱ्याले देऊन टाकला. म्हणते, मले आता कायले लागते.

मी बिना चार्जरच्या फोनची बॅटरी किती पुरते ते शिकली आहे. म्हून घाई करून राह्यली.

वारलूभाऊ आज त्याले सोडून हालला नाई, कामावर गेला नाई. पण त्याचंही तो ऐकत नाई. अनोळखी नंबर तेवढा उचलते. दुसऱ्याच्या फोनवरून मी लावला, तर माझा आवाज आला का ठेवून देते.

पाहुण्यांचा वेळ घेतला, निरोपाच्या दिवशी रडगाणं लावलं, बोलाची रीत मले येत नाई, सर्वांनी पदरात घ्या. सर, तुम्ही शिकवलं त्याचे उपकार मी कायनं फेडू? पण अजून एक मागतो. मागच्या फळ्यावर मी प्रफुल्लचा नंबर मोठ्या आकड्यात लिहिला आहे. मी सांगतलं तर ते बहिणीचं बोलणं होते. तुम्ही तो डबा डोळ्यानं पाह्यला. सर, पहिले तुम्ही करा. मग एकेक जण करा, आताच करा, नाश्ता नंतर घेऊ. त्याले सांगा, आम्ही उघडून पाह्यलं, भोंगा पहिलेच बंद होता. अन् सांगा, भाच्याचे केस डोळ्यात जाऊन राह्यले.