मांजरीच्या पुलावरचे डास

डासांमुळे मी एकदा टेम्पोखाली जाता जाता वाचलोय, सांगितलं का तुम्हाला? संध्याकाळी मांजरी गावाजवळच्या नदीच्या पुलावरून स्कूटरने चाललो होतो. मागे माझी मावशी, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. अचानक डासांच्या थव्यात शिरलो. हेल्मेटची काच वर होती, त्यामुळे डास थेट डोळ्यांत! मी करकचून ब्रेक दाबणार, तोच मावशी ओरडली, "एकदम थांबू नकोस, मागे टेम्पो आहे! वेग कमी कर, हळूहळू डावीकडे घे."

पूल संपल्यावर थांबलो. मी मान खाजवत होतो आणि ती मान वर करून कौतुकाने थवा बघत होती.

"हे बहुतेक सगळे नर आहेत रे. नर चावत नाहीत."

"मग मला कोण चावलं?"

"माद्या. त्या यांना भेटायला निघाल्या होत्या, वाटेत तू भेटलास."