काशीची निळी नदी

गोधडीचा विषय निघालाय तर आमच्या धाकट्या जावेचं, काशीचं सांगते. दुष्काळात गावात बायकांची सहकारी संस्था निघाली आणि आम्ही देवळात बसून गोधड्या शिवायला लागलो. काशीला गोधडीवर नदी हवी होती, बोटाएवढी बारीक, वळणावळणाची. पण सरळ कापलेली पट्टी वळवली की चुण्या पडायच्या.

"कापड तिरकं कापलं की ताणतं, मग वळतं," असं म्हणत काशीनं घरून नवऱ्याचा निळा सदराच आणला.

तिचा नवरा, किसनभावजी, ऊसतोडीला गेले होते. परत आल्यावर नारायणगडाला दर्शनाला जायचं म्हणून सदरा शोधत ते देवळात आले. काशीनं गोधडी पुढं पसरली. आमच्या सगळ्यांच्या सुया थांबल्या.

"सदरा कापलास व्हय?"

"दुसरं निळं कापड न्हवतं."

भावजींनी नदीवरून बोट फिरवलं, पार शेवटच्या वळणापर्यंत. मग हळूच म्हणाले, "वळण बराबर हाय. पण पाणी लई दावलंस. औंदा एवढं हाय कुठं?"

आधी काशीच हसली, मग आम्ही सगळ्याच. भावजी गडाला जुन्या बंडीतच गेले, पण ती गोधडी त्यांनी विकू दिली न्हाई.