ऑफिसातला कॉल बंद पडल्याबाबत

मी, प्रांजली जितेंद्र दाणी, वय ३१, धंदा नोकरी, राहणार जे. पी. नगर, बेंगळुरू, समक्ष हजर राहून सांगते की, मला कन्नड स्वल्पच येते, म्हणून निपाणीकडचे हवालदार महांतेश माझा जबाब मराठीत लिहून घेत आहेत.

मी बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत विम्याचे दावे तपासते. पती जितेंद्र घरून काम करतात. लग्न झाल्यापासून त्यांना माझी फार काळजी. म्हणून ऑफिसात दिवसभर माझ्या कॉम्प्युटरवर त्यांचा व्हिडिओ कॉल चालू ठेवावा लागतो. जागेवरून उठायचे तर सांगून उठायचे. मैत्रिणी म्हणतात, "नशीब काढलंस बाई!"

एक डोळा त्यांच्या चेहऱ्यावर, एक दाव्यावर. व्हायचे तेच झाले. एका म्हाताऱ्या बाईंचा ऑपरेशनचा दावा मी चुकून फेटाळला. सुधींद्र सरांनी बोलावून विचारले, ऑफिसचे इंटरनेट खासगी कामाला का वापरता, कारण तरी सांगा. तेव्हाही हातातल्या मोबाइलवर कॉल चालू होता, पती ऐकत होते. मी म्हणाले, चूक झाली. इकडे आड, तिकडे विहीर.

आज सकाळी ऑफिसने माझ्या कॉम्प्युटरवरचे कॉल बंद केले आणि मोबाइल दारावर जमा करून घेतला. आधी मला धडकी भरली. मग कामाला लागले. दुपारपर्यंत एकही चूक नाही. सर काम बघून "सरी", म्हणजे बरोबर आहे, म्हणाले. तेवढ्यावर माझे डोळे भरून आले.

तीनच्या सुमारास पती गेटवर आल्याचा निरोप आला. मी मोबाइल घेऊन खाली गेले. "कोण आहे आत तुझ्यासोबत?" म्हणत त्यांनी माझा दंड धरून गाडीकडे ओढले. गेटवरचे रखवालदार परसूअण्णा मध्ये पडले. "अक्कांना सोडा, साहेब," एवढेच म्हणाले. पतींनी त्यांना ढकलले. पायरी लागून त्यांचे डोके फुटले.

हवालदारांनी आत्ता सांगितले की, अण्णा आपणहून घसरले असे पतींचे म्हणणे आहे. "अक्का, तुम्हीही तसंच म्हणत असाल तर दोघं आता घरी जाल." अण्णा घसरले नाहीत. मी बघितले आहे.

पती बाहेर बाकावर बसून व्हिडिओ कॉल लावत आहेत. मोबाइल टेबलावर पालथा वाजतो आहे. मी उचललेला नाही.

जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. फक्त वरचा पत्ता खोडावा. नवा कोणता लिहू, असे हवालदारांनी विचारले. तो अजून नाही.