मशीन डिस्क घेईना

त्या दिवशी ऊन असं पेटलेलं, की द्वारका चौकातले रिक्षावालेबी भाडं नको म्हणत होते. मी आपला दवाखान्यात राखणीला, मशीनच्या गार खोलीपाशी बसलेलो. पेशंटांचे सगळे एक्स-रे त्या मशीनमधल्या बारा डिस्कांवर राहतात. दुपारी एका डिस्कचा दिवा लाल झाला. इंजिनीअर साहेब कसारा घाटात अडकलेले. फोनवर म्हणाले, "बाबा, लालवाली काढा आणि कपाटातली नवी बसवा. आता आणखी एक गेली तर सगळे एक्स-रे गेले समजा!"

लालवाली काढली, कपाटातली बसवली. दिवा पिवळा.

"काढून परत बसवा."

परत पिवळाच. चार वेळा काढली, चार वेळा घातली.

"बाबा, नीट बसवताय ना?"

"साहेब, आता तुम्हीच घाटातून हात लांब करा!"

तासाभरानं साहेबांना आठवलं. "अहो, ती डिस्क नवी नाहीच. आधी दुसऱ्या मशीनमध्ये होती. तिथली नोंद पुसल्याशिवाय हे मशीन तिला घेणार नाही." मग त्यांनी गाडीतूनच लॅपटॉपवर नोंद पुसली, तेव्हा कुठं दिवा हिरवा लुकलुकायला लागला.

संध्याकाळी हे सगळं शेजारच्या रंगनाथला सांगितलं. तो चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, "अण्णा, माझ्या सुनेचं नाव माहेरच्या रेशनकार्डावरून निघंना, म्हणून आमच्या कार्डावर चढंना. वरीस झालं. तुझ्या त्या साहेबाला जरा तहसीलला पाठव की!"