जायला चार, यायला पंधरा

आमच्या बाबांचा हिशोब ऐका, म्हणजे मी दादाचं नाव का काढत नाही ते कळेल.

दादाचं लंडनचं तिकीट आलं, तेव्हा चिंचणीच्या घरी ओटीवर बसून मी बाबांना वेळा वाचून दाखवल्या. मुंबईहून सकाळी सातला निघून तिकडे अकराला पोचणार. परतताना तिकडून सकाळी दहाला निघून इकडे रात्री एकला.

बाबा म्हणाले, "जायला चार तास, आन यायला पंधरा? वाट तर एकच हाय ना रे?"

दादाला हसून हसून ठसका लागला. "अहो बाबा, तिकडचं घड्याळ साडेपाच तास मागे असतं! दोन्हीकडून साडेनऊच तास."

मीही हसलो.

परतीचं तिकीट वाया गेलं. सात वर्षांत दादा एकदाही आला नाही. बाबा गेले त्या सकाळी मी बोईसरला जाऊन बूथवरून त्याला फोन लावला. "साडेनऊ तासांचं तर विमान आहे. ये, आम्ही थांबतो."

"अरे, असं लगेच कसं जमेल? यायला फार लांब पडतं रे."

घरी आलो, तर काकांनी विचारलं, "किती तास थांबायचं हाय?"

म्हटलं, "उचला. बाबांचाच हिशोब बरोबर होता."