पूजेला बसलेली थापी

सरू : …तसं नाय, आधी उजेडात उभा राहा. रितेश कंत्राटदारच ना तू? तीन महिन्यांत तोंड विसरले मी तुझं.

रितेश : काय काकी! गडबच्या पोराला गडबमध्येच ओळखत नाय?

सरू : तुला फोन लावला की एक बाई बोलते, तुझ्यापेक्षा तिचीच जास्त ओळख झालीय. उद्या दसऱ्याला तिलाच जेवायला बोलवावं म्हणते.

रितेश : साइटवर रेंज नसते, काकी.

सरू : पेणच्या बाजारात पण नसते? शेजारच्या जनीनं बघितलं तुला. तिनं हाक मारली, तर हातातला वडापाव घेऊन पळालास.

रितेश : पळालो नाय. एसटी पकडायची होती.

सरू : तुझी मोटरसायकल तिथंच उभी होती म्हणे.

रितेश : ते सोडा. उद्या काम सुरू, शंभर टक्के. आता फक्त बाबांची थापी द्या. लाकडी मुठीची. चुकून राहिली इथं.

सरू : चुकून? दर घरी एकेक हत्यार टाकून जातोस तू. गिऱ्हाईकाला वाटतं, हत्यार हाय म्हणजे माणूस येणार.

रितेश : आमच्या धंद्यात तशी पद्धतच हाय. बाबा पण ठेवून जायचे.

सरू : तुझा बाप काळुराम थापी ठेवून जायचा आणि सकाळी सातला हजर व्हायचा. हे घर त्यानंच बांधलंय. तू अर्धी पद्धत शिकलास. आणि संडास तेवढा पूर्ण तोडलास.

रितेश : तोडल्याशिवाय नवा कसा बसणार?

सरू : मग बसव ना! दुसरा गवंडी बोलवावा, तर दुसऱ्यानं तोडलेल्या कामाला कोण हात लावत नाय. मी पहाटे पाचला जनीकडं नंबर लावते. आणि कमोड तिथं ओटीवर, खोक्यात. गुणाजी भावोजी त्याच्यावर बसून पेपर वाचतात. बघ, आता पण बसलेत.

रितेश : बसायला बरं असेल.

सरू : हसू नको. तुझ्या काकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. उकिडवं बसता येत नाय, म्हणून हा सगळा खटाटोप. दवाखान्यातून सरळ घरी यायचे होते, ते तीन महिने लेकीकडं पडलेत.

रितेश : लेकीकडं मजेत असतील की.

सरू : मजेतच हायत. रोज फोनवर सांगतात, टीव्ही मोठा हाय, नदीचा वारा येतो, अजिबात घाई करू नको. विसरले असतील हे घर. विसरू देत. मला काय त्याचं.

रितेश : मग काकी, थापी…

सरू : एवढी काय घाई?

रितेश : आज खंडेनवमी. आई म्हणते, बापाची थापी पूजेला दिसल्याशिवाय जेवायला वाढणार नाय. चार वाजायला आले, सकाळपासून उपाशी हाय मी.

सरू : थापी पूजेलाच हाय. ती बघ, विळी आणि कोयत्याच्या मधी. धुतली, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला.

रितेश : तुमच्या पूजेत?

सरू : तीन महिने माझ्याकडं हाय, मग कोणाच्या पूजेत असणार? आणि पूजेला बसलेलं हत्यार उद्याची आरती होईपर्यंत हलवायचं नाय. तुझ्या आईलाच विचार.

रितेश : मग मी घरी काय पुजू?

सरू : बाकीची हत्यारं मांड.

रितेश : ओळंबा नागोठण्यात हाय. लेव्हलपट्टी वडखळला. घमेली-फावडी अष्टमी गावात, दोन घरांत. आमच्याकडं आज पाटावर नुसता तांदूळ हाय, काकी.

सरू : अरे देवा. मग खिशातलं काढ ते.

रितेश : मोबाईल?

सरू : तुझं मोठं हत्यार तेच. न उचलून अख्खा तालुका बसवून ठेवलास. आण इकडं. हे कुंकू, हे फूल. उद्या सकाळी सातला ये, काम सुरू कर, आणि फोन घेऊन जा.

रितेश : काकी, माझा धंदा बंद पडेल!

सरू : चालू कधी होता?

(पूजेतला मोबाईल वाजू लागतो.)

रितेश : वाजू दे. चारचा हाय तो.

सरू : चारचा म्हणजे?

रितेश : अष्टमी गावचा कोणतरी आजोबा. रोज चारला करतो, एक दिवस चुकत नाय. सुरुवातीला एकदा उचलला, तर विचारतो, माझं घर कधी देतोस? म्हटलं, उद्या. तिकडं दोन कामं हायत माझी, त्यातलाच असेल.

सरू : बघू नंबर. …हा तर आमच्या लेकीचा, अनिताचा नंबर.

रितेश : काकी, पूजेतलं हलवायचं नाय! तुम्हीच म्हणालात!

सरू : गप रे. …हॅलो.

हैबतराव : उचललास! रितेश, बाबा, ठेवू नको, ऐक. मी हैबतराव, गडबचा. सगळं नंतर कर, लादी नको, रंग नको, फक्त बसण्यापुरतं करून दे. मला घरी जायचंय. इथं पोरगी सगळं करते, पण मला नाय करमत. तिकडं ती एकटी हाय. तिला मी सांगतो, इथं बरं हाय म्हणून, नाहीतर रडत बसेल. तू तिला बोलू नको काय. …हॅलो? रितेश?

सरू : अहो, मी हाय.

हैबतराव : …तू? त्याच्या फोनवर तू कशी गो?

सरू : पूजा घातलीय त्याची.

हैबतराव : हां. …ते मी सांगत होतो, टीव्ही चांगला हाय इथं.

सरू : व्हय. ऐकलं मी सगळं.

हैबतराव : तू रडतेस काय?

सरू : नाय. झेंडूचा वास जातोय नाकात. तुम्ही पिशवी भरून ठेवा. गोळ्या विसरू नका. ठेवते.

रितेश : …काकी, ते आजोबा म्हणजे काका? मला खरंच नव्हतं ठाऊक.

सरू : उचलला असतास, तर ठाऊक झालं असतं.

रितेश : आज हत्याराला हात लावता येत नाय. पण तो खोका आत न्यायला हत्यार कुठं लागतं?

सरू : नाय लागत. गुणाजी भावोजींना उठव त्याच्यावरून. दुसऱ्या बाजूनं मी धरते.